माळवदावरची पांढरी

रेल्वेची क्वार्टर्स सोडली, तर आमच्या लहानपणी मराठवाड्यातल्या पूर्णेत मृगाआधी घरोघरच्या माळवदांवर, म्हणजे मातीच्या सपाट छतांवर, पांढरी माती चढायची. एक जण शिडीवर, एक जण खाली आणि मधून हातोहाती वर जाणाऱ्या टोपल्या. गवत उपटायचे, पन्हाळ मोकळी करायची, माती पसरून चोपायची. मिस्त्री शिकवत नसे. तो चोपायचा, आम्ही बघायचो. पाण्याला उतार कुठे हवा, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असे.

आता छतावर सोलर चढतो. २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान मिळते. पॅनेल बसवायला शिकवणारे सूर्यमित्र प्रशिक्षण आहे, आयटीआय झालेल्या पोरांना त्याचे प्रमाणपत्र मिळते. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा वर्षानुवर्षे चहा-भाकरीवर राबायचा. आजचे हे नक्कीच बरे.

माळवद वैशाखात गार राहायचे, हे खरे. ते आषाढात गळायचे, छताच्या लाकडी किलचनातून विंचू पडायचे, हेही खरे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी भागात तसल्याच जाड दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर माळवदाखाली आमचाही डोळा लागेना. पण त्याच भूकंपानंतर जुनी घरे मजबूत कशी करायची, हे गवंड्यांना शिकवले गेले. घर न पाडताही सुधारता येते, हा धडा मराठवाड्याने मोठी किंमत देऊन घेतला.

आजचा स्लॅब सहसा गळत नाही, पण दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी आला, ७५ वॅटच्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा. बिल उतरले, खोली तापलेलीच राहिली.

माळवद परत नको. हळहळ वाटते ती वर्षातून एकदा सगळ्या घराने मिळून छताकडे बघण्याची. ती नजर आता शिकवावी लागेल. आयटीआयच्या पोरांना वायर जोडण्याबरोबरच छताला चुना कधी द्यावा, वारा कुठून घ्यावा, पश्चिमेच्या भिंतीवर सावली कशी आणावी, हेही शिकवा. आणि हे काम करणाऱ्याला कारागिराचा मान आणि कारागिराचा दाम द्या.