तंबोऱ्याखालची भुणभुण

वडिलांच्या पहाटेच्या रियाजाची एक कॅसेट मी त्यांच्या पश्चात संगणकावर उतरवून घेतली. ती ऐकताना तंबोऱ्याखाली एक बारीक भुणभुण सतत जाणवे. कॅसेटच जुनी, असे म्हणून ती मी सोसत आलो.

एका रात्री वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि हेडफोनमधली भुणभुण एकाएकी थांबली. षड्ज लावण्यापूर्वी वडिलांनी घेतलेला श्वास मला प्रथमच ऐकू आला. वीज आली, भुणभुण परतली. चार्जर काढला, गेली, लावला, आली. दोष कॅसेटचा नव्हताच.

लॅपटॉपला जोडलेला डॅक अंकांचे ध्वनीत रूपांतर करतो. १६ बिटांच्या ध्वनीत ६५,५३६ पायऱ्या असतात. पण पायरीची उंची ठरते ती त्याच्या संदर्भ-व्होल्टेजवरून. चार्जरमधला गोंगाट यूएसबीच्या ५ व्होल्टांवर स्वार होऊन तिथवर पोचला, तर अचूक अंकांचाही ध्वनी गढूळ होतो.

पुढे एका जाणकाराच्या सल्ल्याने डॅकसाठी महागडा स्वतंत्र वीजपुरवठा आणून पाहिला. पत्नीने मला न सांगता कधी तो, कधी लॅपटॉपची बॅटरी, असे आलटूनपालटून ऐकवले. मला फरक ओळखता आला नाही. तो परत केला.

पाठभेद तपासल्याशिवाय कवीला दोष देऊ नये, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगतो. घरी मात्र चार्जरचा दोष वडिलांच्या कॅसेटवर टाकून मोकळा झालो होतो.

आता ऐकायला बसताना चार्जर काढून ठेवतो. बॅटरी दोन तास टिकते. कॅसेटची बाजू तीस मिनिटांचीच आहे.