हेरल्डची धाकटी बहीण

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींना स्टँडर्ड हेरल्ड गाडी आठवते? पन्नाशी ओलांडलेल्या असाल तर नक्की आठवेल. ॲम्बॅसिडर आणि फियाटच्या गर्दीत मधूनच एखादी ही ठेंगणी, नाजूक गाडी दिसायची. आमच्या अण्णांचा मिरजेत छोटासा छापखाना होता. 1979 साली त्यांनी कुणाकडून तरी जुनी हेरल्ड घेतली, तेव्हा आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. त्या पैशांत तिचे पाटल्या-बिल्वर झाले असते!

पण गाडी मोठी गमतीची. तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं उघडायचं नाही. पुढचा सगळा भाग, दिवे-बिवे, चाकांवरच्या पंखांसकट, मगरीनं जबडा वासावा तसा पुढे कलायचा. मग अण्णा चक्क पुढच्या टायरवर बसून, शेजारी चहाचा कप ठेवून इंजिनाशी खुडबुड करायचे. वळायची तर एवढ्याशा जागेत, 25 फुटांत पुरी गिरकी. 1986 साली अण्णांनी मला तिच्यावरच शिकवलं. कमरेखाली उशी घेऊन मी पंढरपूर रस्त्यावर गाडी चालवायची. लोक वळून बघायचे.

1994 साली लग्न झालं आणि ते तिथंच थांबलं. सासरी आधी स्कूटर होती. पुढं मोटार आली, ती ह्यांच्या हाती. कुणी मनाई केली असं मुळीच नाही हं. पण कुणी किल्लीही पुढं केली नाही, आणि मीही मागितली नाही. तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते.

हे सगळं आता आठवायचं कारण आमची धाकटी. ती इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्री इथं मोटारींचं डिझाइन शिकायला गेली. कर्जाचा आकडा लिहीत नाही, पण राहतं घर तारण आहे एवढ्यावरून काय ते समजा. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक गाडी मनानं रचून दाखवायची असते. आमची अपेक्षा अशी, की एखाद्या चालत्या मोठ्या कंपनीची गाडी करावी, म्हणजे ती कंपनी नोकरी तरी देईल. एका रविवारी हिचा फोन आला. "आई, मी ट्रायम्फ करतेय. विजेवरची."

हे लगेच म्हणाले, "अरे वा! ट्रायम्फ तर आपल्या चाकणला बनते!" ती मोटरसायकल. नाव एकच, जन्मगाव एकच, पण मोटारी आणि मोटरसायकली 1936 सालीच वेगळ्या झाल्या. मोटरसायकल आजही जोरात आहे. मोटार मात्र 1984 नंतर बनलीच नाही. नाव तेवढं बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या पेटीत आहे, माहेरच्या पैठणीसारखं, न नेसता जपलेलं. नाही म्हणायला 2023 साली मॅकिना नावाच्या तिकडच्या एका स्टुडिओनं या नावाची एक विजेची गाडी करून दाखवली, बीएमडब्ल्यूच्याच छोट्या इलेक्ट्रिक गाडीचा सांगाडा घेऊन. पण ती नमुन्यापुरती. दुकानात काही आली नाही.

आता मला सांगा, आई म्हणून तुम्ही काय बोलला असता? मी बोलले ते चांगलं नव्हतं. म्हटलं, "अगं, ही तर मेलेल्या माणसाचं स्थळ बघण्यातली गत! हप्ता कोण फेडणार?" तिनं फोन ठेवला. आठ दिवस ना फोन, ना निरोप. ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. एरवी रोज रात्री जेवणं झाली की तिचा फोन यायचा. त्या वेळेला उगीचच भांडी घासत बसायची.

नवव्या दिवशी आला. राग नाही, रडणं नाही. एकदम म्हणाली, "आई, तू आजोबांची हेरल्ड चालवायचीस ना? मला तुला काही विचारायचंय."

तेव्हा मला कळलं की हिनं घेतलेली गाडी म्हणजे स्पिटफायर, आणि ती आपल्या हेरल्डचीच धाकटी बहीण! ऐका कशी ते. कॉव्हेन्ट्रीच्या स्टँडर्ड कंपनीनं 1944 साली ट्रायम्फ विकत घेतली. 1959 साली तिथं ट्रायम्फ हेरल्ड निघाली, आणि 1961 पासून मद्रासला तीच स्टँडर्ड या नावानं बनू लागली. चार दारांची हेरल्ड तर आपल्या मद्रासचीच करामत. तिकडे इटलीच्या मिकेलॉटी नावाच्या कारागिराने हेरल्डच्याच सांगाड्याला आखूड करून दोन जणांची उघडी गाडी रचली. पण कंपनी कर्जात बुडाली आणि तो नमुना कोपऱ्यात धूळ खात पडला. 1961 साली लेलँड कंपनीनं सगळा कारभार घेतला. कारखाना पाहत फिरताना त्यांच्या माणसांना आच्छादनाखाली ती गाडी सापडली. चादर काढली आणि ठरलं, ही करायची! 1962 ते 1980 पर्यंत तीन लाखांहून जास्त स्पिटफायर विकल्या गेल्या. बॉनेट अगदी आपल्यासारखंच, अख्खं पुढं कलणारं.

तर लेकीचे प्रश्न. बसताना आधी पाय की आधी अंग? पायांना पेडल पुरायचं का? पुढचं काय दिसायचं? अहो, तीस वर्षांत गाडीबद्दल मला असं कुणी काही विचारलं नव्हतं! मी सांगत सुटले. साडीत आधी बसायचं, मग दोन्ही पाय जोडून आत घ्यायचे. बॉनेटची दोन्ही टोकं दिसायची, म्हणून बोळातूनही भीती नसे. आणि सगळ्यांत मोठा वैताग म्हणजे दाराखालचा उंबरठा. पावसाळ्यात त्याचा चिखल हमखास निऱ्यांना! ती सगळं लिहून घेत होती.

आता विजेच्या गाडीतली अडचण तिनं मला समजावली, ती तुम्हालाही सांगते. बॅटरी बहुतेक गाड्यांत गादीसारखी जमिनीखाली पसरतात. गादी घातली की तळ उचलतो, त्यावर माणूस उचलतो, मग छप्परही. उंच गाडीत ते खपून जातं. पण ही गाडी बसकी, जमिनीलगत बसायची. मग बॅटरी ठेवायची कुठं? जुन्या सांगाड्याला मधोमध पाठीचा कणा होता. हिनं बॅटरी त्या कण्यात आणि आसनांच्या मागच्या बाजूला घातली. 30 युनिटांची, हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. दर युनिटमागं सहा-सात किलो वजन, म्हणजे नुसती बॅटरीच दोनशे किलोंची. जुनी स्पिटफायर अवघी सातशे किलोंच्या आसपास होती! म्हणून मोठ्या बॅटरीचा मोह सोडला. एकदा भरली की दोनशे किलोमीटर. मिरज-पुण्याला मधे एकदा थांबावं लागेल, असं मी हिशेब करून सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

तळ खाली आल्यामुळे तिनं उंबरठाही अगदी खाली आणला, माझ्यासाठी. पण तिच्या शिक्षकांनी तो चित्रातच खोडला. म्हणाले, बाजूनं कुणी धडकलं तर आतल्या माणसाला वाचवणार कोण? उघड्या गाडीला छप्पर नाही, तेव्हा सगळी मदार त्या उंबरठ्यावरच. खरंच आहे ते. झालं, उंबरठा चार बोटं वर गेला. मग तिनं दुसरी युक्ती काढली. दार खालपर्यंत आणून उंबरठ्यावरून ओढून घेतलं, पदर खांद्यावरून घ्यावा तसं. चिखल दाराला लागतो आणि दार उघडलं की आतला उंबरठा कोरडा. अशी दारं काही मोटारींना असतात म्हणे. तेवढं तरी माझं राहिलं.

नंतर मातीचं काम. ही माती म्हणजे आपली कुंभाराची नव्हे. मेणचट तपकिरी वड्या असतात, त्या भट्टीत साठेक अंशांवर गरम केल्या की गुळाच्या पाकासारख्या मऊ होतात. आतून फोमचा साचा, त्यावर हातानं थापत जायचं आणि थंड झाल्यावर पात्यानं तासायचं. गाडीच्या चौथाई मापाचा नमुना. फोनवर तिचे हात बघितले, तर मोदकाची पारी करताना माझ्या सासूबाईंचा अंगठा फिरायचा तस्सा फिरत होता. त्यांनीच शिकवलंय तिला. त्यावर चकचकीत पापुद्रा ताणून बसवतात आणि दिव्याची रेघ अंगावरून कशी वाहते ते बघतात. रेघ अडखळली की पुन्हा तासायचं. आठ-आठ दिवस एका चाकावरच्या पंखासाठी!

प्रदर्शन झालं. बॉनेट पुढं कलतं, आणि त्याखाली इंजिनाऐवजी सामानाची पेटी. शेजारी तिनं अण्णांचा टायरवर बसलेला फोटो लावला होता. गुण बरे पडले. नोकरी अजून नाही. दोन मुलाखती झाल्या, दोन्हीकडे विचारलं, बंद पडलेलीच गाडी का? तिनं काय उत्तर दिलं ते मला सांगितलेलं नाही. हप्ता पुढच्या महिन्यापासून आहे. ह्यांनी वहीत आकडे मांडून ठेवलेत, ती वही मी उघडत नाही.

आणि तो नमुना? माती खरवडून परत वापरायला घेतात. पुढच्या मुलांची गाडी त्याच मातीतून. मी ऐकून हळहळले, तर म्हणते, "आई, गणपती नाही का आपण बुडवत?" फोटो तेवढे आहेत.

जाता जाता एक. माझा जुना परवाना केव्हाच बाद झाला होता. गेल्या सोमवारपासून मी सकाळी सात ते साडेसात शिकवणीला जाते. शिकवणारा मुलगा माझ्या धाकटीच्याच वयाचा. "काकू, क्लच हळू," एवढंच म्हणत असतो. उशी मी घरूनच नेते.