मार्सेल्सचा धक्का

मार्सेल्स शहरी येणारा प्रवासी बहुधा प्रथम टेकडीवरील ‘नोत्र दाम द ला गार्द’ या देवालयाकडे जातो. तेथून जुने बंदर, शातो दीफचा बेटावरील तुरुंग आणि उत्तरेस गोद्यांची लांबच लांब ओळ एकदमच दृष्टीस पडते. आमची नजर मात्र गोद्यांवरच खिळून राहिली. ८ जुलै १९१० रोजी सकाळी ‘मोरिया’ बोटीच्या शौचकूपाच्या गवाक्षातून उडी टाकून विनायक दामोदर सावरकर पोहत याच बंदराच्या धक्क्यास लागले होते. काहीशे पावले धावल्यावर एका फ्रेंच शिपायाने त्यांस धरले आणि बोटीवरून धावून आलेल्या माणसांच्या साहाय्याने परत बोटीवर नेले. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

ही हकीकत ऐकून आमची कन्या म्हणाली, “बाबा, पाय तर फ्रान्सच्या भूमीला लागले होते ना? मग परत दिले कसे?”

प्रश्न पोरवयाचा खरा. पण हेगच्या लवादापुढे गेला तो हाच. इंग्लंडातून हिंदुस्थानात आरोपी पाठविणे ही तेव्हा एकाच साम्राज्यातील गोष्ट होती; १८८१ च्या ज्या कायद्याने ती चाले, त्यात राजकीय अपराध्यास सूट नव्हती. फ्रान्सच्या भूमीवर मात्र दोन स्वतंत्र राष्ट्रांमधील १८७६ चा प्रत्यर्पणाचा करार लागू झाला असता. मागणी वकिलातीमार्फत रीतसर यावयाची, पुरावा तपासावयाचा आणि अपराध राजकीय ठरल्यास मागणी नाकारावयाची, अशी त्याची रीत होती. सावरकर सुटलेच असते असे कोणी म्हणू नये. पण चौकशी झाल्यावाचून त्यांस देता आले नसते. त्या शिपायाच्या घाईने ही सारी रीत ओलांडली गेली.

फ्रान्सने कैदी परत मागितला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच पंचांनी निर्णय दिला: कैद्यास धरून सोपविण्यात अनियमितपणा झाला खरा, परंतु इंग्लंडने कपट वा बळजोरी केलेली नाही, आणि अशा चुकीपायी कैदी परत करण्याचे बंधन घालणारा नियम राष्ट्रांच्या कायद्यात नाही. तोवर सावरकरांस दोन जन्मठेपा, म्हणजे ५० वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावून झाली होती. वाद त्यांच्या देहाचा. परंतु वादी-प्रतिवादी दोन सरकारे. त्यांस स्वतःस त्या न्यायासनापुढे स्थानच नव्हते.

आज आपल्या देशाचा १९६२ चा प्रत्यर्पण कायदा आहे. परराष्ट्राच्या मागणीची चौकशी दंडाधिकाऱ्यापुढे व्हावी, राजकीय स्वरूपाच्या अपराधासाठी कोणासही सोपवू नये, असे त्यात लिहिले आहे. पळून आलेल्या अपराध्याची मागणी आपणही इतर देशांकडे करतो, आणि निकाल लांबला की ‘एवढा वेळ का?’ म्हणून आपणांस चीड येते. ती स्वाभाविक आहे. पण त्या विलंबात एका माणसाचे म्हणणे ऐकून घेतले जात असते. मार्सेल्सला तेवढाच वेळ कोणी दिला नाही.

कन्येस आम्ही इतकेच सांगितले, “बाळ, पाय लागले होते; पण थांबून विचारणारा कोणी भेटला नाही.” मग आम्ही टेकडी उतरून गोद्यांच्या वाटेला लागलो.