तव्याचा बॅकअप नसतो

"बिडाचा तवा म्हणजे बीड जिल्ह्यात बनतो का?" असं आमच्या टीममधल्या एकाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. नाही हो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त, त्यामुळे जड आणि ठिसूळ. साधा पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, हा पडला तर सरळ तुकडा.

तर असा एक तवा आजीने मला दिला. तिला तो आता उचलवत नाही, म्हणून गुहागरहून कोथरूडला आला. देताना एवढंच म्हणाली, "ओला ठेवू नको." एका ओळीत डॉक्युमेंटेशन संपलं.

जुलैतल्या एका शुक्रवारी रात्री घावन केले. दोन चिकटले. वैतागून तव्यात पाणी भरलं, तो सिंकमध्ये टाकला आणि पहाटे मित्रांबरोबर ताम्हिणीला पळालो. रविवारी रात्री येऊन बघतो तर तवा नारिंगी! शहाण्या माणसाने इथे घरी फोन केला असता. मी तारेची घासणी घेतली आणि तासभर घासलं. गंज गेला आणि त्याच्याबरोबर तो काळा कुळकुळीत रंगही गेला. खाली उरलं करडं, उघडं लोखंड. साठ वर्षांचा डेटा, बॅकअप नाही, आणि डिलीट करणारे आपण.

त्यात आजी तीन आठवड्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला येणार होती.

मग (आमच्या जमातीला दुसरं येतं काय?) वाचायला बसलो. तो काळा थर म्हणजे साचलेलं तेल नव्हेच. तेलातले असंतृप्त रेणू उष्णता आणि ऑक्सिजन मिळाला की एकमेकांना जोडले जातात आणि लोखंडाला घट्ट धरून बसणारा कडक पापुद्रा तयार होतो. जवसाच्या तेलातले चित्रकारांचे रंग वाळतात तेही असेच. खोबरेल बरंचसं संतृप्त, म्हणून या कामाला कुचकामी. साबणाला लोक घाबरतात ते पूर्वीच्या कॉस्टिकवाल्या साबणामुळे. आजच्या सौम्य लिक्विडने थराचं फारसं बिघडत नाही. म्हणजे साबण निर्दोष. गुन्हेगार दोनच, दोन दिवसांचं पाणी आणि माझी घासणी.

२०१० च्या सुमारास इंटरनेटवर जवसाच्या तेलाची मोठी लाट आली होती. मीही त्याच तेलाची बाटली आणली आणि तव्याला सढळ हाताने चोपडली. घरभर धूर. शेजारच्या काकू बेल वाजवून "काही जळतंय का रे?" विचारून गेल्या. तव्यावर गुळाच्या पाकासारखा चिकट राप बसला, कारण जाड थर आतपर्यंत नीट पिकतच नाही. पुन्हा घासला. मग पातळ हात दिले, तर दिसायला झकास झाला आणि चौथ्या दिवशी खपल्या सुटल्या. या तेलाचा थर कडक होतो खरा, पण तडकतोही.

शेवटी आईला फोन केला.

"आजीला सांगितलंस?"

"नाही."

"मग मीही सांगत नाही. गोडेतेल घे. आणि लावल्यावर फडक्याने पुसून टाक, लावलंच नव्हतं असं समजून."

हीच ती ग्यानबाची मेख. तीन-चार थेंब तेल, कोरड्या फडक्याने पुसून जवळजवळ सगळं काढायचं, हलका धूर येईपर्यंत तापवायचं, आपोआप गार होऊ द्यायचं. (तापलेल्या बिडावर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो.) रोज ऑफिसातून आल्यावर दोन हात. आधी तांबूस, मग कॉफीसारखा, मग मधोमध काळा. कडेला गॅसची आच पोचत नाही, म्हणून कडा तांबूसच राहिल्या.

आजी आली. तिला धड दिसत नाही, हा माझा प्लॅन बी. चहा झाल्यावर ती ओट्याशी गेली, तव्यावरून पालथा हात फिरवला आणि म्हणाली, "घासलास."

मी सगळं ओकलो. ताम्हिणीसकट.

"लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मीही गंजवला होता," ती म्हणाली. "सासूबाईंचा होता. रात्रभर रडले होते."

म्हणजे साठ वर्षांचा हा माझा हिशेबही चुकलेलाच.

"मग सासूबाई काय म्हणाल्या?"

"महिनाभर घावन घालू दिलं नाही. रोज त्यावर कांदे परतायला लावले. आणि कोकम, चिंच काही लावू दिलं नाही, आंबटाने ते निघतं."

मग आम्हीही कांदे परतले. आठ दिवस भाजी, आमटी, ऑम्लेट, सगळ्यात कांदा. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तिने स्वतः पीठ भिजवलं, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला आणि माझ्या हातात दिला. पहिलं घावन चिकटलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याच्या कडा आपणहून सुटल्या आणि जाळीसकट अख्खं ताटात उतरलं. आजीने तुकडा तोडून तोंडात टाकला.

"मीठ कमी झालंय," म्हणाली.