मीच लावलेलं बूच

खारदांड्यात राहायचं आणि जुनी गाडी बाळगायची, म्हणजे गंजाशी सोयरीक आलीच, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो. समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा थेट आमच्या वाड्यात घुसतो. खिडकीचे गज दरवर्षी रंगवूनही सोलतात. तिथे १९८६च्या प्रीमियर पद्मिनीची काय कथा! कागदोपत्री पद्मिनी, घरात ती पहिल्यापासून ‘फियाट’च. नंबर लावून, वाट पाहून मी ती कोरी करकरीत घेतली होती.

तिच्या दाराखालचे फोड कुणी दाखवले की माझं उत्तर ठरलेलं असे : खारा वारा. ते पुरलं नाही तर २६ जुलै. २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फियाट कलिन्यात सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली. असे दोन तगडे आरोपी हाताशी असताना तिसरा शोधतो कोण?

दर मे महिन्यात माझी डागडुजी चाले. फोड पॉलिश पेपरनं घासायचा, लांबी भरायची, वर रंग मारायचा. मॅटखाली भोक दिसलं की एम-सील, गाडीखालून डांबर. दारांच्या खालच्या कडेला लांबट भोकं होती. पाणी इथूनच शिरत असणार, अशी माझी खात्री. म्हणून एका वर्षी तीही लिंपून टाकली. जूनमध्ये वर प्लास्टिकची ताडपत्री घालून ती जमिनीपर्यंत आवळून बांधायची, की झालं. श्रावणात ताडपत्री काढली की कुबट वास यायचा, स्टिअरिंगवर बुरशी असायची आणि मॅटखालचं तरट पिळून काढण्याइतकं ओलं. म्हणजे कुठे तरी भोक राहिलंय, असं म्हणून मी पुन्हा एम-सील मळायला घ्यायचो.

माझं मत बदललं ते कार्टर रोडवर, टायर पंक्चर झाला तेव्हा. जॅक लावला, फिरवला. गाडी उचलली गेलीच नाही. जॅकच वर पत्र्यात शिरला आणि लांबीची खपली बिस्किटासारखी तुटून पडली. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, तशी फियाटला नाही. तिची पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या म्हणजे तिच्या बरगड्या. त्या बरगड्यांत मी वर्षानुवर्षं लांबी भरत होतो. लांबी रूप देते, भार घेत नाही.

पत्राकाम करणारे मामा मूळचे संगमेश्वरचे. त्यांनी आधी रंगाकडे पाहिलंच नाही. हातोडीनं टकटक करत गाडीभोवती फिरले. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मग चालकाच्या दाराखाली बसले आणि पेचकसानं माझं एम-सील उचकटलं. तांब्याभर तांबडं पाणी त्यांच्या पायावर पडलं. पाऊस जाऊन सात महिने झाले होते. हे पाणी मीच गाडी धुताना घातलेलं.

“दारात पाणी जाणारच हो,” ते म्हणाले. “काच खाली-वर होते, तिच्या फटीतून ते उतरणारच. कंपनीनं त्याला जायला वाट ठेवलेली. ती कुणी बंद केली?”

“आधीच्या मालकानं केली असेल,” मी म्हटलं.

मग त्यांनी गळती शोधायची रीत दाखवली. मॅट, तरट सगळं बाहेर काढून तळ कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड भुरभुरली. मी आत विजेरी घेऊन बसलो. ते बाहेरून पाइपनं पाणी सोडू लागले, तेही खालून वर, एकेका जोडावर थांबत. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि चोर सापडत नाही. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यावर पाणी आलं आणि माझ्या पायाशी पुडीत एक ओली रेघ उमटली. पायाशी साचणारं पाणी हातभर वरून, डॅशबोर्डमागून येत होतं. काचेचं रबर वाळून खडखडीत झालं होतं. मी मात्र खाली तळ लिंपत बसलो होतो. वरून आलेलं पाणी त्या लिंपणामुळे आतच राहत होतं.

खारा वारा निर्दोष आहे, असं नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे गंजाची क्रिया वेग घेते. पण तिला ओल लागते, आणि ती ओल तरटात, दारात, ताडपत्रीखाली बारा महिने मी पुरवली होती.

सडका पत्रा चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापावा लागला. नव्या तुकड्याला मामांनी सलग वेल्डिंग केलं नाही; एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, म्हणजे तापून पत्रा वाकत नाही. नव्या रबराच्या खाचेत दोरी घालून काच बसवली, आणि आतून दोरी हळूहळू ओढली तशी रबराची कड आपसूक जागेवर बसत गेली. दारांची भोकं उघडी ठेवून आतून तेल फवारलं. रंग सगळ्यात शेवटी.

शेजारचे तांडेल काका हे सगळं बघत होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांची होडी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते. ते म्हणाले, “होडी पाण्यात असली की आम्ही बूच लावतो, वर काढली की बूच काढतो. तुझी गाडी तर कायम जमिनीवरच. मग तू कशाला बूच लावलंस?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या, तेव्हापासून घरोघरी उरलेल्या फियाटींवर प्रेम उतू जातंय. बरेच जण कोणता रंग लावावा, असं मलाही विचारतात. त्यांना एवढंच सांगतो, आधी मॅट उचला, दाराखालच्या भोकात काडी घालून बघा आणि ताडपत्री खालून मोकळी सोडा. पाणी आत येणारच. ते बाहेर जातंय ना, तेवढं पाहा.

मामांना मात्र एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती इथे सांगतो. या गाडीला आधीचा मालक कधीच नव्हता.