पहिला वर

आपल्या मराठी घरांत बाप रागावला की मुलाला दोनच ठिकाणी पाठवतो. राग बेताचा असला तर ‘खड्ड्यात जा’ आणि अनावर झाला तर ‘मसणात जा’. हे ऐकून कोणाचा मुलगा खरोखरीच उठून स्मशानाकडे चालू लागल्याचे ऐकिवात नाही. मुलगा शेजारच्या आळीत जातो, फार तर मावशीकडे जातो आणि जेवणाच्या वेळेला मुकाट्याने परत येतो. बापालाही ते ठाऊक असते. माझा मुलगा सध्या अकरावीत आहे. त्यामुळे हे शब्द दिवसातून एकदा तरी माझ्याही ओठांपर्यंत येतात, हे सांगायला हरकत नाही.

बापाचा हा शब्द ज्याने अक्षरशः खरा केला, असा एक मुलगा मात्र आपल्या परंपरेत होऊन गेला. तो म्हणजे नचिकेता.

तसे पाहिले तर आज्ञाधारक पुत्रांची आपल्याकडे वाण नाही. राम वनात गेला, देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्य पत्करले, परशुरामाने आईवर परशू उगारला. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) वर्गात शिकवायला घेतली की मूळ महाभारतातली कथाही सांगावी लागते. तिथे ययातीला पाच मुलगे. म्हातारपण घ्यायला चौघे नाही म्हणतात, धाकटा पुरू तेवढा हो म्हणतो. “सर, त्या चौघांचे काय झाले?” असे दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. चौघांना शाप मिळाले. ‘तुझ्या वंशाला राज्य मिळणार नाही,’ असे थोरल्या यदूला बापाने सुनावले. पण गंमत अशी, की याच यदूच्या वंशात श्रीकृष्ण जन्मला आणि आज्ञाधारक पुरूच्या वंशातले कौरव-पांडव एकमेकांचा संहार करून मोकळे झाले! आपले प्राचीन कथाकार वाटतात तितके बापांचे पक्षपाती नसावेत.

नचिकेत्याचे आज्ञापालनही या सगळ्यांपेक्षा निराळे. बाप वाजश्रवस यज्ञात सर्वस्वाचे दान करायला बसला होता. पण दानाला काढलेल्या गायी कशा, तर ज्यांचे चरून झाले, पाणी पिऊन झाले, दूधही देऊन झाले अशा भाकड. पोराने ते पाहिले आणि त्या क्षणी त्याच्या मनात श्रद्धा शिरली, असे कठोपनिषद सांगते. बापाची लबाडी दिसली की श्रद्धा उडते, असा आपला अनुभव. इथे ती उपजली! शंकराचार्य आपल्या भाष्यात या श्रद्धेचा उगम बापाच्या हिताच्या इच्छेत दाखवतात. मुलाला बापाची चूक दिसते आणि तरीही बापाचे भलेच व्हावेसे वाटते. ‘मला कोणाला देणार?’ असे तो एकदा विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. शेवटी बाप भडकून म्हणतो, ‘मृत्यूला देतो!’ आपल्या भाषेत ‘मसणात जा’ तेच हे. आणि पोरगा निघतो. बोललेला शब्द खोटा पडला तर बाप लहान होईल, एवढीच त्याला काळजी.

याच्या शेजारी मला नेहमी दुसरा एक मुलगा उभा दिसतो. त्याची कथा ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत आहे. राजा हरिश्चंद्राला शंभर राण्या, पण पुत्र नाही. ‘मुलगा दे, तुलाच बळी देईन,’ असा नवस तो वरुणाला बोलतो. रोहित जन्मतो आणि राजाची टाळाटाळ सुरू होते. दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, दात पडू देत, पुन्हा येऊ देत, शस्त्र धरायच्या वयाचा होऊ दे! दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणलेला सत्यवादी राजा तो हाच हरिश्चंद्र. या जुन्या कथेत मात्र तो साधा बाप आहे. म्हणून मला तो अधिक आवडतो. अखेर बळीची गोष्ट कानांवर येताच रोहित धनुष्य घेऊन रानात निघून जातो. इकडे वरुणाच्या कोपाने राजाचे पोट फुगते.

सहा वर्षे रानात भटकल्यावर रोहिताला अजीगर्त नावाचा उपाशी ऋषी भेटतो. त्याला तीन मुलगे. थोरला बापाला सोडवत नाही, धाकटा आईला. उरला मधला शुनःशेप. बाप त्याला शंभर गायींना विकतो. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कोणी धजेना, तेव्हा बापच आणखी शंभर गायी घेऊन बांधतो. मारायला कोणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभरांवर बापच सुरी परजून उभा राहतो.

पोरगा एकेका देवाची प्रार्थना करू लागतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली सात सूक्ते परंपरेने त्याच्या नावावर आहेत. पहिल्याच ऋचेत तो कोणते मागणे मागतो, तर आईबाप पुन्हा दृष्टीस पडावेत! ज्याने विकले त्यालाच पाहायचे आहे. पाश गळून पडतात, राजाचे पोटही उतरते. मग अजीगर्त पुढे होतो. झाल्याचा पश्चात्ताप होतो, गायी तूच घे, घरी चल, म्हणतो. आणि शुनःशेप नाही म्हणतो. तू केलेस त्याला भरपाई नाही, असे सांगून तो विश्वामित्राचा मुलगा होतो. ही कथा राजसूय यज्ञात होत्याने राजाला ऐकवायची असते, आणि ज्यांना पुत्र हवा त्यांनीही ती ऐकावी, असे ग्रंथ सांगतो. मूल मागणाऱ्याला आधी हे ऐकवायचे, यात मोठा पोक्त विचार आहे.

एकजण बापाच्या शब्दासाठी मृत्यूच्या दारात गेला, दुसऱ्याने बापाला कायमचा नाकारला. आणि परंपरेने दोघांनाही मान दिला. का? मला वाटते, फरक मुलांत नाही, बापांत आहे. वाजश्रवस रागावला होता. अजीगर्त हिशेब करीत होता. रागाने बोललेला शब्द बापालाही पोळतो, तो आज ना उद्या निवतो. मोजून घेतलेल्या तीनशे गायींचे तसे नसते.

हे मला पुस्तकांनी शिकवले त्याहून अधिक आमच्या नानांनी शिकवले. नाना पाटबंधारे खात्यात कारकून. इंजिनिअर साहेबांपुढे सहीसाठी फायली धरण्यात त्यांचा जन्म गेला. त्या सहीच्या जागी आपला मुलगा असावा, ही त्यांची एकच हौस. १९९८ साली बारावीला गुण चांगले मिळूनही मी कला शाखेत जाऊन मराठी घेतले. नाना म्हणाले, “आजपासून तू मला मेलास.” पुढे दहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. पण दर महिन्याच्या एक तारखेला रेडिओखाली एस.टी.च्या पासाचे पैसे ठेवलेले असत, सुट्या नाण्यांसकट बरोबर मोजून. तीही मोजणीच होती म्हणा! अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी विचारले, “चहा घेतोस?” तेवढ्यात सगळे मिटले.

आता नाना सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपासून त्यांची स्मृती ओसरत चालली आहे. मी कॉलेजातून आलो की कधी कधी ते खुर्चीतून अदबीने उठतात. “या साहेब. कोणाला भेटायचंय?” असे विचारतात. मी साहेब झालो तो असा.

यमाच्या दारात तीन रात्री उपाशी काढल्याबद्दल नचिकेत्याला तीन वर मिळाले. तिसऱ्यात त्याने मृत्यूचे रहस्य विचारले, ते सर्वांना ठाऊक असते. पहिला वर पटकन कोणाला आठवत नाही. त्याने मागितले होते, की माझ्या बापाचा राग शांत व्हावा आणि मी परत गेलो की त्याने मला ओळखावे, माझ्याशी बोलावे. इतक्या मोठ्या देवाकडे एवढेसे मागणे का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. ज्याचा बाप त्याला ओळखतो, त्याला तो पडणारच.

राग तर नानांचा केव्हाच निवला. राहिले ते ओळखणे. ते आता त्यांना जमत नाही, म्हणून दोघांच्या वाट्याचे मी एकटाच करतो. त्यांनी विचारले, की समोर बसून म्हणतो, “तुम्हालाच भेटायचंय, नाना.” मग ते हसतात आणि म्हणतात, “बसा. चहा घेणार?”