ग्रीनिचची घड्याळे आणि वाघोलीची धूळ

लंडनला गेलेला मराठी माणूस ग्रीनिचला जातो तो मुख्यतः एका रेघेवर दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढून घ्यायला. एक पाय पूर्व गोलार्धात, दुसरा पश्चिमेत! आम्हीही तेच केले. सुटीत मेहुण्याकडे गेलो होतो. टेम्समधून बोटीने आलो, टेकडी चढलो, रांगेत उभे राहिलो, आणि ऐन फोटोच्या वेळी हिने ‘अहो, जरा पोट आत घ्या’ असे दोन्ही गोलार्धांच्या साक्षीने मला बजावले.

मी रमलो तो मात्र आतल्या दालनात. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने केलेली चार घड्याळे तिथे मांडलेली आहेत. पहिली तीन म्हणजे दांड्या, गोळे आणि स्प्रिंगांची बोजड यंत्रे. ती अजून डुलत असतात. चौथे बशीएवढे, खिशातल्या घड्याळाचा थोरला भाऊ शोभावे असे, आणि बंद. चालवले तर झिजेल म्हणून ते थांबवूनच ठेवतात. काम फत्ते केले ते मात्र यानेच.

१७०७ साली इंग्रजी आरमाराची चार जहाजे आपण कुठे आहोत हे न उमगल्याने खडकांवर फुटली आणि हजारावर माणसे बुडाली. पुढे १७१४ साली पार्लमेंटने दवंडी पिटली : भर समुद्रात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगण्याची युक्ती जो काढील त्याला वीस हजार पौंड! विद्वान चंद्रताऱ्यांकडे पाहत बसले, सुतार घड्याळ करीत बसला. १७६१ मध्ये त्याचा मुलगा हे चौथे घड्याळ घेऊन जमेकाला निघाला. ८१ दिवसांत चूक निघाली सुमारे पाच सेकंदांची. तरीही परीक्षकांची कुरकुर संपेना. शेवटचा मोठा हप्ता हाती पडला तो १७७३ साली, तेव्हा म्हातारा ऐंशीचा होता. (परीक्षकांबद्दल मी फार बोलत नाही, माझ्याही घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असतात.)

“भावोजी, असलेच बक्षीस आता हवेतल्या कार्बनसाठी लावले होते,” परतीच्या बोटीत मेहुणा म्हणाला. तो इंजिनियर, त्यामुळे ऐकणे भाग होते. एलॉन मस्क यांच्या प्रतिष्ठानाच्या पैशातून एक्सप्राइझ या संस्थेने २०२१ साली दहा कोटी डॉलरांची स्पर्धा मांडली. नुसते कागदी बेत चालणार नव्हते. हवेतला किंवा समुद्रातला कार्बन डायऑक्साइड एका वर्षात हजार टन काढून दाखवायचा. ८८ देशांतून तेराशेहून अधिक संघ उतरले. कुणी यंत्रे लावून हवा गाळली, कुणी पालापाचोळ्याचा कोळसा करून मातीत मिसळला. एप्रिल २०२५ मध्ये पाच कोटींचे पहिले बक्षीस मिळाले ते ‘माती कार्बन’ नावाच्या संस्थेला. तिची यंत्रे म्हणजे छत्तीसगडमधली भातखाचरे! बेसाल्टची पूड शेतात पसरायची. पावसाच्या पाण्याबरोबर हवेतला वायू विरघळून येतो, पुडीशी त्याचा संयोग होऊन बायकार्बोनेट बनते, ते नदीवाटे समुद्राला मिळते आणि हजारो वर्षे तिथेच राहते.

“बेसाल्ट म्हणजे आपला काळा दगडच ना? पाट्यावरवंट्याचा?” हिने विचारले. तोच. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग त्याचाच.

मला सांगलीची लॉटरी पुण्याला लागल्याइतका आनंद झाला. मग मेहुण्याने हिशेब मांडला आणि तो ओसरला. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे स्पर्धेतले हजार टन पाचशे माणसांचे. आमच्या सव्वाशे बिऱ्हाडांच्या सोसायटीचे एका वर्षाचे! साऱ्या जगाचा आकडा तर सदतीस अब्ज टनांच्या पुढे. शिवाय घड्याळ जमेकाला पोचले की चूक सेकंदांत दिसते; शेतातल्या पुडीने किती वायू गिळला हे मात्र माती आणि पाणी पुन्हा पुन्हा तपासून ठरवावे लागते. आणि हॅरिसनच्या घड्याळाला कप्तानांचे गिऱ्हाईक होते. आपला जीव वाचवायला कोण पैसे देणार नाही? हवेतून काढलेला वायू कोण विकत घेणार? आज काही बड्या कंपन्या आपखुशीने पैसे देतात, तेवढेच.

ही बराच वेळ नदीकडे पाहत होती. म्हणाली, “कचरा नेणाऱ्या बाईला आपण बक्षीस लावतो का? दर महिन्याला पैसे देतो. हाही शहराचा कचराच की.”

मेहुणा गप्प झाला. मीही झालो, कारण कचऱ्याचे दहा रुपये वाढवण्याच्या ठरावाला सोसायटीच्या सभेत कडाडून विरोध करणारा मीच होतो. हिने ते भावाला सांगितले नाही, हे तिचे उपकार.

परतल्यावर महिन्याभराने नगरला निघालो होतो. वाघोलीच्या आसपास खडीच्या गाड्यांमागे वाट तुंबलेली. पुण्याच्या इमारतींसाठी फोडलेल्या दगडाची करडी धूळ रस्त्याकडेच्या बाभळींवर बसली होती. हिने घाईघाईने काच वर केली आणि म्हणाली, “बघा, तुमचे पाच कोटी डॉलर उडताहेत.”